एदेन बागेतले प्राणी: छापचित्रांमधली सृष्टीची उत्पत्ती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस, ही बायबलमधली कथा युरोपात पाचशे वर्षांहून अधिक काळ छापली जाते आहे. आधी लाकडाच्या ठशांवरून, मग तांब्याच्या पत्र्यांवरून, पुढे दगडावरून. ही चित्रं बघताना बहुतेकांची नजर देवाकडे किंवा आदाम-हव्वेकडे जाते. मी आधी प्राणी बघते. देव कसा दाखवायचा हे परंपरेने ठरलेलं असायचं. कुठला प्राणी घ्यायचा, तो कुठे बसवायचा आणि त्याची लव कशी काढायची, हे मात्र कलाकाराला स्वतःलाच ठरवावं लागे. त्याचा विश्वास आणि त्याची जिज्ञासा दोन्ही तिथे सापडतात.

छापचित्र म्हणजे पुस्तकात छापलेलं चित्र का?

नाही. पुस्तकात एखाद्या पेंटिंगचा फोटो छापतात, तेव्हा ती नक्कल असते. छापचित्रात ठसा कलाकाराने छापण्यासाठीच तयार केलेला असतो, आणि त्यावरून निघालेला प्रत्येक कागद मूळ कलाकृतीच मानतात.

पद्धती अनेक आहेत. काष्ठछापात, म्हणजे वुडकटमध्ये, जी रेषा हवी ती ठेवून आजूबाजूचं लाकूड कोरून काढतात. वर राहिलेल्या भागाला शाई लागते, पोस्टाच्या शिक्क्यासारखी. हा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रावर चालतो, म्हणून सुरुवातीच्या सचित्र पुस्तकांत काष्ठछाप दिसतात. ताम्रकोरीव कामात उलट होतं. पोलादी अवजाराने तांब्यात खाचा पाडतात, शाई खाचांत भरतात, वरचा पत्रा पुसून घेतात आणि ओलसर कागदावर जबर दाब देऊन ती शाई उचलतात. एचिंगमध्ये खाचा पाडायचं काम आम्ल करतं, कलाकार फक्त मेणाच्या लेपावर सुईने रेखाटतो. म्हणून एचिंगची रेषा हातातल्या पेनसारखी मोकळी वाटते. या सगळ्यांत चित्र उलटं छापलं जातं, डावं ते उजवीकडे. शाळेत लिनोकट केलेल्यांना ही गंमत चांगली ठाऊक असेल.

उत्पत्तीच्या कथेचं सुरुवातीचं छापील चित्र कोणतं बघावं?

हार्टमान शेडेलचा जगाचा इतिहास, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला 1493 मध्ये आंतोन कोबर्गरने छापलेला. त्यातली चित्रं मिखाएल वोल्गेमुट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या कार्यशाळेत झाली. उत्पत्तीचे दिवस तिथे वर्तुळात वर्तुळ अशा आकृत्यांनी दाखवले आहेत आणि त्यात देवाचा हात आशीर्वाद देताना दिसतो. एक-एक दिवस सरतो तसं वर्तुळ भरत जातं. चित्र साधं आहे, पण विश्वाची रचना समजावून सांगायची तळमळ त्यात स्पष्ट दिसते.

त्यानंतर ल्यूथरचं 1534 चं संपूर्ण जर्मन बायबल. विटेनबर्गला हान्स लुफ्टने छापलेल्या त्या ग्रंथात पानभर उत्पत्तीचं चित्र आहे. वर देव, खाली गोल पृथ्वी, आणि तिच्या मध्यात आदाम-हव्वा व प्राणी.

ड्यूररच्या 'आदाम आणि हव्वा'मध्ये मांजर आणि उंदीर कशासाठी?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारायलाच हवा.

अल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन कलाकाराने हे ताम्रकोरीव चित्र 1504 मध्ये केलं. आकार जेमतेम 25 बाय 20 सेंटिमीटर. एवढ्या जागेत दोन नग्न देह, एक गर्द जंगल आणि प्राण्यांचा मेळा आहे. आदामने धरलेल्या फांदीवर पोपट, झाडाच्या बुंध्यामागे एल्क जातीचं हरीण, बैल, ससा, हव्वेच्या पायाशी शेपूट वळवून बसलेलं मांजर, आदामच्या पावलाजवळ उंदीर, आणि दूर कड्याच्या टोकावर नखाएवढा डोंगरी बोकड. साप अर्थातच झाडावर, हव्वेला फळ देताना.

विसाव्या शतकात एर्विन पानोफ्स्की या कला-इतिहासकाराने मांडलेला अर्थ आज सर्वाधिक मानला जातो. त्या काळच्या वैद्यकात माणसाच्या शरीरात चार रस मानत आणि त्यांवरून चार स्वभाव ठरत. आपल्याकडे वात, पित्त, कफ यांच्या कमी-अधिकपणावरून प्रकृती ठरते, त्याच धर्तीचा तो विचार. एल्क म्हणजे उदास प्रकृती, बैल थंड आणि संथ, मांजर तापट व क्रूर, ससा आनंदी आणि कामुक. फळ खाण्याआधी माणसात हे चारही समतोल होते, म्हणून चारही प्राणी शांत आहेत. मांजर उंदरावर झडप घालत नाही. पुढच्याच क्षणी घास घेतला जाईल, समतोल ढळेल, आणि जगात शिकारी व शिकार अशी विभागणी होईल.

मला हा अर्थ पटतो, पण माझा जीव तिथे अडकत नाही. मी थांबते ती मांजराच्या केसांवर. ड्यूररकडे रंग नाही, करडी छटाही नाही. आहे फक्त काळी रेषा आणि कोरा कागद. तेवढ्यावर त्याने मांजराची लव, झाडाची खरबरीत साल, सापाचे खवले आणि माणसाची तुकतुकीत कातडी अशी वेगवेगळी केली आहे की बोटांनाही फरक कळावा. कातडीवर रेषा इतक्या बारीक होतात की शेवटी त्यांचे ठिपके उरतात. या पत्र्याचे काम अर्धवट असतानाचे चाचणी-छाप आजही शाबूत आहेत. त्यांत पार्श्वभूमी बरीच पुढे गेलेली आणि माणसं अजून नुसती बाह्यरेषेत आहेत. म्हणजे जंगल तो पृष्ठभाग भरायला शेवटी घाईत काढत नव्हता.

पोपटाजवळच्या फांदीवर एक पाटी टांगली आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये न्यूरेंबर्गच्या ड्यूररने हे केलं असं लिहून साल दिलंय. एदेन बागेत स्वतःच्या नावाची पाटी लावण्याचा हा आत्मविश्वास मला फार आवडतो. देवाने प्राणी घडवले आणि मी ते तांब्यात पुन्हा घडवले, असं म्हणण्याइतकी त्याची आपल्या हुनरावर श्रद्धा होती.

ड्यूररचा गेंडा गोव्याहून गेला होता हे खरं का?

ड्यूररचा 1515 चा गेंड्याचा काष्ठछाप प्रसिद्ध आहे. तो गेंडा गोव्याहून गेला हे खरं, ड्यूररने मात्र तो पाहिला नाही.

पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क याला दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती, म्हणून त्याने 1514 मध्ये गुजरातच्या सुलतानाकडे वकील पाठवले. सुलतान मुजफ्फर शाह दुसरा याने परवानगी नाकारली आणि भेटवस्तू दिल्या. त्यांत एक जिवंत गेंडा होता. आल्बुकेर्कने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून राजा मानुएल पहिला याच्याकडे रवाना केला. 20 मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. प्राचीन लेखकांनी गेंडा हत्तीचा जन्मवैरी असल्याचं लिहिलं होतं, ते तपासायला राजाने दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती पळून गेला. पुढे राजाने हा गेंडा पोप लिओ दहावा याला भेट म्हणून पाठवला आणि 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. साखळदंडाने बांधलेला होता, पोहणार कसा?

न्यूरेंबर्गला पोचलं ते एक पत्र आणि एक रेखाटन. तेवढ्यावर ड्यूररने काष्ठछाप केला. कातडीच्या घड्यांचे चिलखताचे पत्रे झाले, पायांवर खवले आले, आणि मानेमागे एक जादाचं छोटं शिंग उगवलं. चित्राच्या वरच्या मजकुरात साल चुकीचं, 1513, पडलं आहे. 1515 मध्येच आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही गेंड्याचा काष्ठछाप केला आणि त्याचा गेंडा खऱ्याच्या जास्त जवळचा आहे. त्याची एकच प्रत आज उरली आहे. ड्यूररचा ठसा मात्र झिजेपर्यंत, लाकडाला तडे जाईपर्यंत छापला गेला. उशिराच्या छापांत ते तडे गेंड्याच्या पायांतून गेलेले दिसतात. कोन्राड गेस्नर या स्विस अभ्यासकाने 1551 पासून प्रसिद्ध केलेल्या प्राणिग्रंथात हाच गेंडा घेतला, आणि पुढची दोनशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे हाच माहीत होता.

अठराव्या शतकात बंगालहून नेलेली क्लारा नावाची गेंडी 1741 पासून युरोपभर फिरवली गेली, तेव्हा कुठे ही प्रतिमा हलली. यान वांडेलारने आल्बिनुसच्या 1747 च्या शरीरशास्त्राच्या ग्रंथातल्या चित्रांत मानवी सांगाड्यामागे क्लाराला उभं केलं आहे. निर्मितीचा मुकुटमणी मानलेला माणूस हाडांपर्यंत उघडा, आणि मागे शांतपणे चरणारी गेंडी. ती चित्रं एकदा तरी पाहाच.

काही चित्रांत देवाऐवजी नुसती अक्षरं आणि प्रकाशाचे किरण का असतात?

सुधारणावादी प्रोटेस्टंट पंथांत देवाला म्हाताऱ्या, दाढीवाल्या माणसाच्या रूपात काढणं अनेकांना मूर्तिपूजेइतकं चुकीचं वाटे. मग देवाच्या हिब्रू नावाची चार अक्षरं ढगांत लिहायची आणि त्यांतून किरण सोडायचे, असा तोडगा निघाला. माथ्येउस मेरियन याने 1625 ते 1630 या काळात केलेल्या बायबलच्या ताम्रचित्रांत तो दिसतो. देव दिसेनासा झाला की चित्र सांभाळायची जबाबदारी प्राण्यांवर येते. प्राणी नुसते सोबतीला राहत नाहीत, देवाच्या असण्याचा पुरावा होतात.

मारिया सिबिला मेरियन ही त्याच मेरियनची मुलगी का? तिने तर किडे काढले!

हो, मुलगी. तिचा जन्म 1647 चा. ती तीन वर्षांची असताना वडील गेले, आणि चित्रकलेचे धडे तिला सावत्र वडिलांकडून, याकोब मारेल यांच्याकडून मिळाले.

किडे काढले म्हणूनच ती या पानावर हवी. तिच्या काळात बहुतेकांची समजूत अशी की किडे चिखलातून, कुजलेल्या मांसातून आपोआप निपजतात. किडा ही देवाने घडवलेली वस्तू म्हणण्याच्या लायकीचीही नव्हती. मारियाने लहानपणापासून अळ्या पाळल्या, कोष फुटताना पाहिले, आणि 1679 मध्ये सुरवंटांच्या रूपांतरावरचं पुस्तक काढलं. एकेका चित्रात एक झाड, त्यावर अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू, म्हणजे आख्खं आयुष्य एकाच फांदीवर. पत्रे तिने स्वतः कोरले. प्रस्तावनेत तिने वाचकाला सांगितलं की यात माझी नव्हे, देवाची थोरवी पाहा. ते वाक्य शिष्टाचारापुरतं आहे असं मला वाटत नाही. जिला एक अळी इतक्या वेळ बघावीशी वाटते, तिच्यासाठी बघणं हीच उपासना असते.

वयाच्या पन्नाशीनंतर, 1699 मध्ये, ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली आणि 1701 मध्ये परतली. तिथल्या कीटकांवरचा तिचा 60 ताम्रचित्रांचा ग्रंथ आम्स्टरडॅमला 1705 मध्ये निघाला. त्यातलं पेरूच्या फांदीवरचं चित्र प्रसिद्ध आहे: मोठा कोळी एका इवल्या पक्ष्याला खातो आहे, मुंग्या पानं कुरतडत आहेत. ही एदेन बाग नाही. इथे मांजर उंदराला सोडत नाही. तरीही ही देवाचीच सृष्टी आहे असं ती म्हणते, आणि ते म्हणायला ड्यूररपेक्षा जास्त धैर्य लागतं.

रेम्ब्रांटच्या आदाम-हव्वेमागे हत्ती काय करतोय?

रेम्ब्रांटचं 1638 चं एचिंग, तळहाताएवढं. मागे उन्हात एक छोटा हत्ती चालला आहे. सिलोनहून 1633 मध्ये हॉलंडला आणलेल्या हान्सकेन नावाच्या हत्तिणीची रेखाटनं रेम्ब्रांटने 1637 मध्ये केली होती, त्यांचा हा परिणाम मानतात. जुन्या प्राणिकथांत हत्ती सत्शील आणि ड्रॅगनचा शत्रू असतो, आणि या चित्रातला सैतान पंजे असलेला ड्रॅगनच आहे. त्याला पंजे का? तर 'तू पोटाने चालशील' हा शाप सापाला पाप घडल्यानंतर मिळाला. रेम्ब्रांटने बायबल नीट वाचलं होतं.

एकशिंगी घोडे वगैरे काल्पनिक प्राणीही देवाच्या सृष्टीत धरत का?

धरत. गेस्नरच्या ग्रंथात एकशिंगी आहे, आणि फ्रान्सच्या जाँ द्युवेने सोळाव्या शतकाच्या मध्यात एकशिंगीवर आख्खी ताम्रचित्रमालिका केली. ज्यांनी गेंडा पाहिला नव्हता त्यांना एकशिंगी खोटा का वाटावा?

ही चित्रं भारतात कधी आली?

मोगल दरबाराची गोष्ट पक्की ठाऊक आहे. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580 मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. नजराण्यात आंटवर्पला ख्रिस्तोफ प्लांटिनने छापलेलं बहुभाषी बायबल होतं. त्याच्या कोरीव मुखपृष्ठावर सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू शेजारी-शेजारी आहेत. यशया संदेष्ट्याने सांगितलेलं शांततेचं राज्य ते हेच. पुढे जहांगीरच्या चित्रांत बादशहाच्या पायाखाली सिंह आणि कोकरू एकत्र दिसू लागतात. त्यामागे हे छापील चित्र असल्याचं कला-इतिहासकार सांगतात. आंटवर्पच्या तांब्यावरचा सिंह असा गोव्यामार्गे मोगल चित्रशाळेत शिरला.

मराठीपुरतं बोलायचं, तर फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यांनी उत्पत्तीची कथा ओव्यांत सांगितली आणि ते 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात, राचोलला छापलं गेलं.

विल्यम ब्लेकच्या चित्रांतले राक्षसी प्राणी कुठले?

बेहेमोथ आणि लिव्याथान, दोघेही बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातले. ईयोब हा सज्जन माणूस. त्याची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं जातं आणि तो देवाला विचारतो, माझंच का? देव वावटळीतून उत्तर देतो, पण ते उत्तर म्हणजे प्राण्यांची यादी आहे. रानगाढव, शहामृग, घोडा, ससाणा, आणि शेवटी हे दोन महाकाय जीव. यांना तू आवरू शकशील का, असं देव विचारतो. दुःखाच्या प्रश्नाला प्राणी दाखवून उत्तर देणारं इतकं विलक्षण दुसरं काही मी वाचलेलं नाही.

ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराने जॉन लिनेल या तरुण चित्रकाराच्या सांगण्यावरून ही मालिका तांब्यात कोरली. ती 1826 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1827 मध्ये ब्लेक गेला. चौदाव्या चित्रात पहाटतारे गातात आणि कडेच्या चौकटीत उत्पत्तीचे सहा दिवस आहेत. पंधराव्यात देव वरून बोट दाखवतो आणि खाली एका गोलात दोघे: जमिनीवर पाणघोड्याची आठवण करून देणारा धिप्पाड बेहेमोथ, पाण्यात वेटोळी घातलेला लिव्याथान. देवाच्या बोटाकडून नजर त्या गोलात उतरते आणि तिथेच घोटाळत राहते.

मग त्याचा वाघ इतका मवाळ का दिसतो?

ब्लेकने 1794 मध्ये स्वतः छापलेल्या वाघाच्या कवितेखाली वाघाचं चित्र आहे. कविता विचारते की कोकराला घडवणाऱ्यानेच तुला घडवलं का, आणि खाली वाघ पाळीव जनावरासारखा उभा! ब्लेकला वाघ काढता येत नव्हता असं काहीजण म्हणतात. मला ते मान्य नाही. भय सगळं प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात आहे, जनावर मात्र निरागस आहे, असं मी वाचते. प्रत्येक प्रत हाताने रंगवलेली असल्यामुळे वाघाचा रंग आणि चेहराही प्रतीगणिक बदलतो, म्हणून एकाच प्रतीवरून मत बनवू नका.

गुस्ताव दोरेच्या बायबलमध्ये प्राणी आहेत का?

दोरे या फ्रेंच चित्रकाराचं बायबल 1866 मध्ये फ्रान्समध्ये निघालं, दोनशेहून जास्त चित्रांचं. चित्र त्याचं, लाकडात कोरणारे कारागीर वेगळे. त्यातलं प्रलयाचं चित्र बघा. पाण्यातून वर राहिलेल्या एकाच खडकावर वाघीण पिल्लाला तोंडात धरून आहे आणि बुडणारे आईबाप आपली मुलं त्याच खडकावर ढकलत आहेत. उत्पत्ती उलटी फिरल्यावर माणूस आणि जनावर पुन्हा एका रांगेत येतात.

आपल्याकडच्या छापचित्रांत असं काही आहे का?

विचार वेगळा, पण आहे. पुण्याची चित्रशाळा 1878 ची, आणि राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 चा, आधी मुंबईत, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून निघालेली ही शिळाछाप चित्रं घराघरांत लागली. शेषशायी विष्णू, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव, हे उत्पत्तीचंच चित्र आहे, आणि ती उत्पत्ती नागाच्या वेटोळ्यावर घडते. दुसरं चित्र अंगभर देवता असलेल्या गायीचं, जे गोरक्षणाच्या चळवळीत फार फिरलं. एदेनमध्ये देव प्राण्याला घडवून बाजूला होतो. इथे तो प्राण्यात राहायला येतो.

एशरनेही सृष्टीची उत्पत्ती केली आहे का?

केली आहे. जिने आणि कोड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एम. सी. एशरने रोममध्ये राहत असताना 1925-26 मध्ये उत्पत्तीच्या सहा दिवसांचे सहा काष्ठछाप केले. दुसऱ्या दिवसाच्या चित्रात देव कुठेच नाही, फक्त खवळलेल्या लाटा आणि पाऊस. 1942 च्या 'वेर्बुम' या शिळाछापात तो पुन्हा त्याच विषयाकडे वळला. मध्यातल्या धूसर त्रिकोणांतून हळूहळू पक्षी, मासे आणि बेडूक आकार घेत कडेला येतात. सहा दिवसांच्या मालिकेपेक्षा मला हेच उत्पत्तीचं खरं चित्र वाटतं.

हे सगळं बघायचं कुठे? घरी लावायला छापून घेता येईल का?

आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ड्यूरर आणि रेम्ब्रांट यांची मोठ्या आकारातली चित्रं मोफत उतरवता येतात. गेंड्यासाठी ड्यूररने केलेलं शाईचं रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ते आणि छाप शेजारी ठेवून बघा. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा, आणि रेषा वेगवेगळ्या दिसेपर्यंत चित्र मोठं करा. ड्यूरर, रेम्ब्रांट, मेरियन, ब्लेक आणि दोरे यांच्या चित्रांवर आता स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे मोफत वापराला खुल्या असलेल्या फाइली छापून घ्यायला हरकत नाही. एशर 1972 मध्ये वारला आणि त्याच्या चित्रांचे हक्क राखीव आहेत, तिथे परवानगी लागेल.